श्रद्धा आणि दुकानाची फळी



धर्मस्वातंत्र्यावर या मंगळवेढ्यात बोलताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. गावकुसाचे काम करता करता भिंतीखाली सापडून चोखोबा १३३८ साली येथेच गेले. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर झाली. पण त्यांच्या जातीच्या माणसाला आत पाऊल टाकता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले. दार अडविणारेही आपल्या धर्माचेच नाव घेत होते.

धर्माच्या नावाने दार लावण्याचा हा हक्क दुकानाच्या फळीपर्यंत पोचतो काय? अमेरिकेतील इंडियाना राज्याने मार्च २०१५ मध्ये धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा केला. त्याच्या आधाराने व्यापारी समलिंगी गिऱ्हाइकांना परत पाठवतील अशी धास्ती पसरली, मोठमोठ्या कंपन्या त्या राज्यावरच बहिष्काराची भाषा बोलू लागल्या, आणि आठवडाभरात कायद्याला दुरुस्ती जोडावी लागली.

आपल्याकडे बहिष्कार म्हटला की लोकमान्यांची चतुःसूत्री आठवते. पण तो बहिष्कार राज्यकर्त्यांवर होता. गावाने एका घरावर घातलेला बहिष्कार ही निराळी वस्तू आहे. पिठाच्या गिरणीत दळण घेत नाहीत, वाणी मीठ देत नाही, न्हावी येत नाही, आणि प्रत्येकाला विचारावे तर तो म्हणतो, “आमची मर्जी!” डॉ. आंबेडकरांनी ही मेख ओळखली होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी व्यवहार नाकारणे धरून बहिष्कार हा गुन्हाच ठरवावा असे सुचविले. घटनेत अस्पृश्यता गेली, १५ व्या कलमाने दुकाने व उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. ही सूचना मात्र बाहेरच राहिली.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातीतून किंवा पंथातून वाळीत टाकण्यास बंदी केली. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी तिला आव्हान दिले व १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. पंथाची शिस्त राखण्यासाठी सभासदाला बाहेर काढणे हा २६ व्या कलमाने दिलेला हक्क आहे, असे बहुमत पडले. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरुद्ध गेले. आम्हांला सिन्हांची बाजू पटते. तरी बहुमताचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. आपला कोण आणि परका कोण हेही पंथाने ठरवू नये, तर पंथ उरला कोठे? पण आपल्या पूजेत घेऊ नका म्हणणे आणि त्याला मीठ विकू नका म्हणणे यांत अंतर आहे, आणि दुसऱ्या हुकुमाला आम्ही धर्म मानावयास तयार नाही.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला; तो जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींचे प्रताप पाहता तो हवाच होता. १९६२ चा निकाल फिरून तपासावा काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे धाडला.

या कायद्याखाली तक्रार पोलीस ठाण्यावर करता येते, थेट मॅजिस्ट्रेटपुढेही करता येते. अडते ते साक्षीपाशी. दळण परत पाठविल्याचे पाहिलेला माणूस बहुधा त्याच आळीत राहणारा असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाही दळण न्यावयाचे असते.