हमुराबीचं कोठार

कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग म्हटलं की माझ्यासारखा बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस जरा बिचकतोच. त्यातून पन्नाशी उलटलेली. पण शिकायला एक जुना आणि सोपा रस्ता आहे. चित्रं नसलेला, नुसत्या शब्दांचा आणि आकड्यांचा एखादा खेळ घ्यायचा आणि तो आपल्या हातानं नव्यानं लिहून काढायचा. 'हमुराबी' हा असाच एक खेळ.

त्याचं मूळ अमेरिकेतल्या शाळेत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या मेबेल ॲडिस या शिक्षिकेनं १९६४च्या सुमारास आयबीएमच्या साहाय्यानं 'द सुमेरियन गेम' लिहिला. प्राचीन सुमेरचं अर्थकारण मुलांना कळावं, हा हेतू. त्यावरून १९६८मध्ये डग डायमेंट यांनी छोटी आवृत्ती केली. डेव्हिड आल यांनी ती बेसिक भाषेत आणली आणि १९७३मध्ये '१०१ बेसिक कॉम्प्युटर गेम्स' या पुस्तकात छापली. पुस्तक समोर ठेवून ओळ न् ओळ टाइप करत कितीतरी जण प्रोग्रॅमिंग शिकले.

या खेळात आपण राजे असतो. मुदत दहा वर्षांची. सुरुवातीला १०० माणसं, १००० एकर जमीन आणि कोठारात २८०० बुशेल धान्य. दर माणशी वर्षाला २० बुशेल खायला लागतात, एकरी अर्धा बुशेल बियाणं. म्हणजे २००० पोटाला, ५०० पेरणीला. हाती उरतात ३००. पीक एकरी एक बुशेल येईल की पाच, ते नशिबावर. शिवाय उंदीर आहेत, रोगाची साथ आहे, आणि जमिनीचा भाव दरवर्षी बदलतो.

हे लिहिताना प्रोग्रॅमिंगची मुळाक्षरं आपोआप गिरवली जातात. साठा, माणसं, जमीन यांना नावं देऊन आकडे ठेवायचे. एकच हिशेब दहा वर्षं फिरवायचा. कोठारात आहे त्याहून जास्त धान्य कुणी वाटू लागला, तर त्याला अडवायचं. कवितेत सगळं सांगायचं नसतं. इथं मात्र काहीच गृहीत धरून चालत नाही.

आणि मग एक ओळ येते, तिथं हात थबकतो. एका वर्षात शेकडा ४५हून अधिक माणसं उपाशी मेली, तर राजाला हाकलून द्यायचं. म्हणजे शंभरातली ४५ मेली तर गादी शाबूत. ४६ मेली तर गेली! खेळणाऱ्याला हा आकडा दिसतसुद्धा नाही. लिहिणाऱ्याला तो स्वतः टाइप करावा लागतो.

तिथं शून्य लिहून बघा. खेळ अवघड होतो, पण अशक्य होत नाही. पीक बुडालं की माणसं जगवायला जमीन विकावी लागते, एवढंच.

आज कुणाला कर्ज मिळावं, कुणाचं नाव लाभार्थींच्या यादीत राहावं, हे अनेक ठिकाणी प्रोग्रॅम ठरवतात. त्यांतही अशा ओळी असतात. 'कॉम्प्युटरनं नाकारलं' असं आपल्याला सांगितलं जातं आणि आपण मुकाट्यानं परत फिरतो. एक छोटा खेळ लिहून पाहिलेला माणूस तसा फिरणार नाही. तो विचारेल, हा आकडा कुणी घातला?