राजवाड्याचे हिशेब आणि ‘ओडिसी’तील दळणारी बाई

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



प्राचीन ग्रीसचे नाव निघाले की डोळ्यांसमोर उभे राहते ते अथेन्स, तेथील संगमरवरी पुतळे आणि सॉक्रेटिसाचे संवाद. आजचा विषय त्याच्याही सात-आठशे वर्षे मागचा आहे. ज्या देवांच्या कथांवर पुढची सारी ग्रीक कला पोसली गेली, त्यांची नावे ग्रीक भाषेत प्रथम लिहिली गेली ती या काळात. आणि ती कोणा कवीने नव्हे, तर कोठाराच्या कारकुनांनी लिहिली.

१८७६ साली हाइनरिश श्लीमानने मायसीनी येथे राजघराण्याची दफने खणली. तेथे सापडलेल्या एका सोन्याच्या मुखवट्याला आगामेम्नॉनचे नाव चिकटले. वस्तुतः तो इ.स.पू. सोळाव्या शतकातला, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो परंपरागत काळ मानतात त्याहून सुमारे तीनशे वर्षे जुना आहे. सोने दिसले की राजाचे नाव शोधायचे, ही इतिहासाची जुनी खोड आहे. त्याच मायसीनीत ‘अत्रेउसचे कोषागार’ म्हणून ओळखली जाणारी घुमटाकार कबर आहे. तिच्या दारावरील आतील शिळा सुमारे १२० टनांची भरते. ती कोणी ओढून आणली, हे कोणत्याही कथेत नाही.

त्या हातांचा थोडासा पत्ता लागला तो मातीच्या पाट्यांमुळे. आर्थर इव्हान्सला क्रीट बेटावरील नॉसस येथे १९०० पासून अशा पाट्या सापडू लागल्या होत्या. १९३९ मध्ये कार्ल ब्लेगनने ग्रीसच्या नैऋत्येस पायलॉस येथे पहिला चर खणला, तो नेमका राजवाड्याच्या दप्तरखान्यावरच. या पाट्या भाजलेल्या नव्हत्या. वर्षभराचा हिशेब झाला की त्या मोडण्यासाठीच होत्या. इ.स.पू. १२०० च्या सुमारास राजवाडा जळाला आणि त्या आगीत त्या भाजून निघाल्या. राजवाड्याची राख झाली, कारकुनाची नोंद उरली.

ही लिपी वाचण्याचे श्रेय सहसा मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाला दिले जाते. १ जुलै १९५२ रोजी त्याने लंडनच्या नभोवाणीवरून जाहीर केले की, पाट्यांची भाषा ग्रीकच आहे. श्रेय रास्त आहे, पण अपुरे आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या ॲलिस कोबर यांनी युद्धकाळात कागद मिळेना तेव्हा शुभेच्छापत्रांच्या पाठीमागच्या बाजू कापून लाखाहून अधिक चिठ्ठ्या तयार केल्या, सिगारेटच्या खोक्यांत त्या लावून ठेवल्या आणि शब्दांच्या शेवटी चिन्हे कशी बदलतात याचे नियम हुडकले. त्या पायाशिवाय पुढची इमारत उभी राहिली नसती. १९५० मध्ये, लिपी उलगडण्याच्या दोन वर्षे आधी, त्यांचे निधन झाले.

पाट्या वाचल्यावर अनेकांची निराशा झाली. काव्य नाही, स्तोत्र नाही, राजाची प्रशस्तीही नाही. आहेत त्या मेंढ्या, लोकर, तेल, कांसे, रथाची चाके आणि माणसे यांच्या याद्या. एकट्या नॉससच्या दप्तरात सुमारे एक लाख मेंढ्यांची नोंद आहे. पायलॉसच्या पाट्यांत सातशेहून अधिक स्त्रिया आणि जवळपास तितकीच मुले आढळतात. दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या, लोकर पिंजणाऱ्या, स्नानगृहात राबणाऱ्या अशा त्यांच्या टोळ्या आहेत. काही टोळ्या गावावरून ओळखल्या जातात: मिलेटसच्या, निडसच्या, लेम्नॉसच्या, म्हणजे समुद्रापलीकडून आणलेल्या. एका टोळीला ‘धरून आणलेल्या’ असेच म्हटले आहे. त्यांना शिधा म्हणून गहू आणि तितक्याच मापाची अंजिरे मिळत. मुलाची ओळख बापावरून नव्हे, आईच्या कामावरून लिहिलेली आहे. या याद्यांत त्या स्त्रियांची नावे नाहीत. नॉससच्या एका मालिकेत मात्र बैलजोड्यांची नोंद आहे, आणि तेथे प्रत्येक बैलाचे नाव दिलेले आहे!

येथे घाईने ‘गुलामी समाज’ असा शिक्का मारून मोकळे होण्याचा मोह होतो. पण ज्या शब्दापासून पुढे ‘गुलाम’ या अर्थाचा ग्रीक शब्द आला, तोच शब्द पायलॉसमध्ये देवतेची ‘दासी’ म्हणवून जमिनीचा तुकडा कसणाऱ्या बायांनाही लावलेला दिसतो. एका शब्दाखाली अनेक दर्जे होते. शिक्का मारण्यापूर्वी पाटी वाचावी लागते.

एंगेल्सच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. १८८४ साली कुटुंब आणि शासनसंस्था यांच्या उगमावर लिहिताना होमरचा ‘बासिलेउस’ हा आधुनिक अर्थाने राजा नव्हे, तर टोळीचा नायक होय, असे त्याने मॉर्गनच्या आधारे प्रतिपादले. पाट्यांत हा शब्द सापडतो तो गावपातळीच्या मुख्याला, कांसारांच्या गटावरील मुकादमाला लावलेला. त्याबाबत एंगेल्सची दृष्टी अचूक ठरली. पण त्याच्या वर ‘वानाक्स’ नावाचा अधिपती होता, त्याची कोठारे आणि कारकून होते, ही गोष्ट १८८४ मध्ये कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. होमरच्या टोळ्यांचा समाज हा आरंभ नव्हता. एका कोसळलेल्या राजवाडी व्यवस्थेच्या ढिगाऱ्यावर तो उभा होता.

देवही याच हिशेबात येतात. झ्यूस, हेरा, पोसायडन येतात. बाहेरून उशिरा आलेला मानला जाणारा डायोनायससही येतो. नॉससची एक पाटी सर्व देवांना मिळून मधाची एक घागर आणि ‘लॅबिरिंथच्या स्वामिनी’ला एकटीला एक घागर नोंदवते. पुढच्या पुराणकथेत लॅबिरिंथ म्हणजे मिनोटॉर या राक्षसाचा चक्रव्यूह झाला. स्वामिनी गेली, राक्षस उरला. १८५७ च्या टिपणात मार्क्सने पुराणकथांना ग्रीक कलेची भूमी म्हटले आणि ती कला आजही आनंद का देते, याचे उत्तर मानवजातीच्या बालपणात शोधले. पाट्या पाहिल्यावर हे बालपण तितकेसे निरागस वाटत नाही.

राजवाडे पडले आणि त्यांच्याबरोबर लेखनही गेले. सुमारे चारशे वर्षे ग्रीस निरक्षर होता. मग इ.स.पू. आठव्या शतकात फिनिशियन व्यापाऱ्यांची अक्षरे आली. अथेन्सच्या दिपिलॉन दफनभूमीतील दीड मीटरहून उंच रांजण याच काळातला: साऱ्या अंगभर भूमितीच्या नक्षीचे पट्टे आणि मधोमध मृताभोवती डोक्याला हात लावून शोक करणारी माणसे. तेथे देव नाहीत. ही अक्षरे हिशेबाआधी कवितेसाठी वापरली गेल्याचा पुरावा मिळतो, ही या काळाची अपूर्वाई.

महाकाव्य गायले गेले ते सरदारांच्या पंगतीत. म्हणून ‘इलियड’मध्ये राजांविरुद्ध तोंड उघडणारा थर्सायटीज कुरूप रंगवला आहे आणि ओडिसिअसच्या राजदंडाचा मार खातो. परंतु ‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गात एक वेगळाच आवाज येतो. ओडिसिअसच्या वाड्यात बारा बाया पीठ दळतात. फिरते जाते तेव्हा ग्रीसमध्ये नव्हते. दगडावर दगड पुढे-मागे रेटून दळावे लागे. अकरा जणी आपापले माप संपवून झोपी गेल्या आहेत. बारावी सर्वांत अशक्त, तिचे दळण उरले आहे. ती हात थांबवते आणि झ्यूसकडे मागणे मागते: ज्यांच्यासाठी दळून गुडघे मोडले, त्या वाड्यातल्या मागणीदारांची ही अखेरची पंगत ठरो. कवी तिला नाव देत नाही. पायलॉसचा कारकूनही देत नव्हता.

ओडिसिअस ते ऐकतो, शुभशकुन मानतो आणि हर्षित होतो. मागणीदार मारले जातात. वाड्यातल्या बारा दासींना, मागणीदारांशी संबंध ठेवल्याबद्दल, एकाच दोराला फाशी दिली जाते. त्या अशक्त बाईचे दळण पुढे कमी झाले की नाही, हे काव्य सांगत नाही.