क्षमतेवरचा विश्वास आणि शाळेचा व्यवहार



विद्यार्थ्याची क्षमता वाढू शकते, या विषयावरची माध्यमिक शिक्षकांची ही परिषद साताऱ्यात भरावी याला औचित्य आहे. सावित्रीबाई फुले याच जिल्ह्यातल्या नायगावच्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा इथल्या सरकारी हायस्कुलात प्रवेश झाला आणि तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीत आणली. बुद्धी जन्मावर ठरते आणि ती ठरावीक घरांतच नांदते, असे त्या काळी उघड बोलले जाई. या मंडळींनी त्या समजुतीवर प्रहार केलेच. पण ती मोडली ती शाळेतल्या प्रवेशाने, वसतिगृहातल्या ताटाने आणि ‘कमवा आणि शिका’सारख्या योजनांनी. आधी मुलाला शिकण्याची सोय झाली, आणि आपल्याला शिकता येते हा विश्वास त्यामागून आला. आज मला जे मांडायचे आहे त्याचे सार एवढेच आहे.

‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजेच विकासाची मानसिकता, हा शब्द आपण प्रशिक्षणांत अनेकदा ऐकला आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या २००६ च्या पुस्तकामुळे तो जगभर पोचला. बुद्धी जन्मजात आणि कायमची ठरलेली आहे असे मानणारा विद्यार्थी अवघड कामापासून दूर राहतो, कारण अपयश आले तर आपली ‘मुळातली’ कुवत उघडी पडेल अशी त्याला भीती असते. प्रयत्नाने, योग्य पद्धतीने आणि मदतीने क्षमता वाढते असे मानणारा विद्यार्थी चुकीकडे पुढच्या पायरीची माहिती म्हणून पाहतो. १९९८ साली ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांनी प्रसिद्ध केलेले प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. कोडी सोडवलेल्या पाचवीच्या मुलांपैकी काहींना ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी दिली, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ अशी. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशारीची शाबासकी मिळालेली मुले लवकर खचली, त्यांची नंतरची कामगिरी घसरली आणि आपले गुण वाढवून सांगण्याकडेही त्यांचा कल अधिक दिसला. पहिल्या नंबरावर लाडावलेले मूल दहावीच्या उंबरठ्यावर अचानक का कोसळते, याचा एक धागा इथे सापडतो. ही चिंता केवळ मागे पडलेल्यांची नाही, हे त्यावरून कळावे.

मात्र यावरून ‘मुलांना तसे सांगितले की झाले’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २०१९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांना एका तासाहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला गेला. मेंदू वापराने सक्षम होतो, असा त्याचा गाभा होता. कमी गुण असलेल्या मुलांच्या सरासरी श्रेणीत त्याने भर पडली; पण ती श्रेणीगुणाच्या जेमतेम एक दशांश होती. महत्त्वाचा भाग पुढे आहे. ज्या शाळांत अवघड काम अंगावर घेणे ही सोबत्यांमध्ये मानाची गोष्ट होती, तिथे परिणाम अधिक दिसला. याच मुलांच्या आकडेवारीवरून २०२२ साली असेही आढळले, की ज्या वर्गांत गणिताचे शिक्षक स्वतः क्षमता वाढते असे मानत होते, त्या वर्गांत पाठाचा फायदा गुणांत उतरला. जिथे शिक्षकांनाच ते पटलेले नव्हते, तिथे तो विरला.

या विषयावर शंका घेणारे अभ्यासकही आहेत आणि त्यांचे म्हणणे टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१८ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अशा कार्यक्रमांचा सरासरी परिणाम फारच लहान आढळला. गरीब घरांतल्या मुलांना थोडा अधिक लाभ होतो, एवढाच दिलासा त्यात होता. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले आणि कार्यक्रम घेतलेली मुले इतरांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. मग हा सगळा फॅशनचा मामला समजून सोडून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. या चाचण्यांत प्रामुख्याने तपासले गेले ते सांगण्याचे बळ, आणि ते तोकडे निघाले. ज्या वर्गात चूक सुधारायला दुसरी संधी नाही, तिथे ‘चुकांतून शिका’ हे वाक्य मुलाला खोटे वाटते, आणि त्याचा तो निष्कर्ष तर्काला धरूनच असतो. विश्वासाला पुरावा लागतो आणि तो पुरवणे शाळेचे काम आहे.

आपल्या नववीच्या वर्गाकडे या नजरेने पाहू. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाचा ‘असर’ पाहणीचा अहवाल २०२३ या वर्षासाठी प्रसिद्ध झाला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण त्यातल्या साधारण ४३ टक्के मुलामुलींनाच सोडवता आले. नववीच्या बीजगणितात मात्र वास्तव संख्या आणि बहुपदी समोर येतात. भागाकारावर अडलेल्या मुलाला बहुपदीच्या तासाला ‘प्रयत्न कर, जमेल’ म्हणणे म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेऊन वर चढायला सांगणे आहे. पायऱ्या बसवता येतात, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांतील मागे पडलेल्या मुलांना रोज काही वेळ वेगळे बसवून, त्यांना जिथपर्यंत येते तिथून पुढे शिकवले गेले. शिकवणाऱ्या होत्या त्या त्या वस्तीतल्या तरुणी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. उपक्रम संपल्यावर वर्षभरात ती बरीच ओसरली, हेही त्यांनीच नोंदवले. ती मुले प्राथमिक वर्गांतली होती, तरी धडा आपल्यालाही लागू आहे: मुलाची कुवत ठरलेली नव्हती आणि आधार मध्येच सोडून चालणार नव्हते.

आता आपल्या व्यवहारातून मुलांना काय कळते ते तपासू या. दहावीचा शंभर टक्के निकाल फलकावर झळकावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच रोखायचे किंवा फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून बसायला सुचवायचे, हा प्रकार या सभागृहाला अनोळखी नाही. अ तुकडीला अनुभवी शिक्षक आणि शेवटच्या तुकडीला जो उपलब्ध असेल तो, ही वाटणीही अनोळखी नाही. मुले हे सारे अचूक वाचतात. उलट दिशेचे उदाहरणही आहे. राज्य शिक्षण मंडळाने २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा निकालानंतर लगेच घ्यायला सुरुवात केली आणि अनेकांचे वर्ष वाचण्याची वाट खुली झाली. नापास होणे हा शेवट नाही, हे एरवी पोस्टरवर लिहिले जाते. इथे ते वेळापत्रकात आले.

आपल्यापैकी काहींच्या मनात आक्षेप असतील. मुलांमुलांत जन्मजात फरक असतातच, असे कोणी म्हणेल. असतात, सगळी मुले एकाच टोकाला पोचतील असा माझा दावा नाही. प्रत्येक मूल आज आहे त्याच्या पुढे जाऊ शकते, इतकाच दावा आहे आणि शिक्षकी पेशा त्यावरच उभा आहे. मानसिकतेच्या गप्पांमुळे गरिबीचा दोष मुलाच्या माथी मारला जातो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ऊसतोडणीला गेलेल्या घरातल्या मुलीची गैरहजेरी ही तिच्या वृत्तीची खोट नव्हे. म्हणूनच मी जबाबदारी मुलाकडून शाळेकडे आणि शाळेकडून शासनाकडे नेतो आहे; रिक्त जागा न भरता शिक्षकांकडून मानसिकतेची अपेक्षा करणाऱ्यांनाही जबाबदारीचा हा प्रश्न विचारलाच पाहिजे. साठ मुलांचा वर्ग आणि न संपणारा अभ्यासक्रम ही अडचण तर खरीच आहे. पण न समजता उरकलेला धडा पूर्ण झाला असे आपण कागदावरच म्हणतो. त्यातला थोडा वेळ पाया भरण्याला दिला तर पुढचे तास वाया जाणे कमी होईल.

म्हणून परिषदेपुढे तीन सूचना ठेवतो. नववीच्या पहिल्या महिन्यात भाषा आणि गणिताची पूर्वतयारी तपासून गरजेच्या मुलांसाठी वर्षभर चालणारा तास वेळापत्रकातच असावा. घटक चाचणीची उत्तरपत्रिका दुरुस्त करून आणणाऱ्या विद्यार्थ्याला त्या घटकाची पुन्हा चाचणी देता यावी आणि सुधारलेले गुण धरले जावेत. दहावीच्या निकालाशेजारी, त्या तुकडीत आठवीला किती मुले होती आणि दहावीला किती बसली, हा आकडाही प्रत्येक शाळेने लावावा. पहिल्या दोन सूचनांना नियोजन लागेल. तिसरीला फक्त धैर्य लागेल आणि ती आपण याच परिषदेत ठरावाच्या रूपाने मंजूर करावी, अशी स्वागत समितीची विनंती आहे. मतभेद असतील तर ते चर्चासत्रांत मोकळेपणाने मांडावेत. ऐकून घेण्याची आणि आपली मते तपासून पाहण्याची आमची तयारी आहे.