जोड झाली, पण कुणाशी?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गणपती बाप्पा मोरया!



दरवर्षी मी इथे खुर्च्या लावतो, माइक तपासतो. यंदा त्याच माइकसमोर उभं केलंत, म्हणून थोडी धाकधूक आहे. मी मोठा शिकलेला माणूस नाही. डिप्लोमा केला आणि आता राज्य सरकारच्या नोकरीत आहे. पण त्याआधी काही वर्षं नवी मुंबईत, बँकेचं काम करणाऱ्या एका कंपनीत मेनफ्रेमवर रात्रपाळी केली. तिथला एक धडा आज सांगतो.

मेनफ्रेम म्हणजे मोठ्या बँका, विमा कंपन्या यांचा हिशोब सांभाळणारा संगणक. आयबीएमने 1964 साली सिस्टीम/360 जाहीर केलं, त्याच घराण्यातली यंत्रं आजही चालू आहेत. या यंत्रावर अनेक प्रोग्राम चालतात आणि त्यांना एकमेकांना निरोप द्यावे लागतात. "अमक्याच्या खात्यातून वजा केले, तमक्याच्या खात्यात जमा कर." हे निरोप पोचवणाऱ्याला क्यू मॅनेजर म्हणतात. आयबीएमने 1993 च्या सुमारास हे सॉफ्टवेअर आणलं, आज त्याला आयबीएम एमक्यू म्हणतात.

सुरतकरांना हे समजावणं सोपं आहे. आपल्याकडे आंगडिया असतो. पुडकं त्याच्या पेढीवर दिलं की आपण मोकळे. घेणारा त्या क्षणी हजर नसला तरी चालतं. पुडकं हरवायचं नाही आणि एकदाच पोचवायचं, ही त्याची जबाबदारी. क्यू मॅनेजर हेच करतो. समोरचा प्रोग्राम बंद असला तरी निरोप रांगेत सांभाळून ठेवतो.

पण शहरात आंगडियाच्या पेढ्या अनेक असतात, तसे एकाच मेनफ्रेमवर क्यू मॅनेजरही अनेक असू शकतात. एक खऱ्या कामाचा, एक चाचणीचा. प्रत्येकाला जास्तीत जास्त चार अक्षरांचं नाव. प्रोग्रामने आधी नाव घेऊन जोडणी मागायची, मग निरोप ठेवायचा. चुकीचं नाव दिलं तर यंत्र 2058 हा आकडा दाखवतं: या नावाचा कुणी नाही. नाव बरोबर पण तो बंद असेल तर 2059. या दोन्ही चुका बऱ्या, कारण त्या ओरडून सांगतात.

खरा धोका आहे नाव रिकामं सोडण्यात. कडोदरा चार रस्त्यावर रिक्षात बसून नुसतं "स्टेशन" म्हणा. एक रिक्षावाला चलथाण स्टेशनला आणेल, दुसरा थेट सुरतेला नेईल. दोघांचीही चूक नाही, आपण नावच सांगितलं नाही. तसंच नाव रिकामं असलं की ठरवून ठेवलेल्या नेहमीच्या, म्हणजे डिफॉल्ट, क्यू मॅनेजरशी जोड होते. तो कोण, हे प्रोग्रामसोबत कुठली लायब्ररी जोडली आहे त्यावर ठरतं.

2006 च्या पावसाळ्यात मी नेमकी हीच चूक केली. चाचणीच्या जॉबची नक्कल करून खऱ्या कामाचा जॉब तयार केला. नाव रिकामंच होतं आणि लायब्ररी चाचणीची राहिली. रात्री जॉब चालला आणि शेवटी आकडा आला शून्य. आमच्या भाषेत शून्य म्हणजे सगळं ठीक. मी चहा प्यायला गेलो.

सकाळी फोन सुरू झाले. पैसे एका खात्यातून वजा झाले होते, दुसऱ्यात जमा नव्हते. त्यातला एक माणूस दवाखान्यातून बोलत होता. मुलाचं ऑपरेशन होतं, गावाहून भावाने पाठवलेले पैसे आले नव्हते. मी छातीठोकपणे म्हणालो, "सर, जोड झाली होती, सगळे निरोप गेले." आमचे वरिष्ठ शांतपणे म्हणाले, "जोड झाली, पण कुणाशी?"

पाहिलं तर खऱ्या रांगेत एकही निरोप नाही आणि चाचणीच्या त्याच नावाच्या रांगेत रात्रीचे सगळे पडून. न पोचलेल्या निरोपांसाठी वेगळी रांग असते, तिथेही काही नव्हतं, कारण यंत्राच्या लेखी पत्ता सापडला होता. घाबरून मी जॉब पुन्हा चालवायला निघालो. त्यांनी हात धरला. आधीचे निरोपही नंतर खऱ्या रांगेत आणले असते, तर प्रत्येकाला दुप्पट पैसे गेले असते. आधी मोजणी केली, मग तेच निरोप खऱ्या रांगेत हलवले. दुपारी पैसे पोचले. त्या माणसाचा पुन्हा फोन आला नाही, आणि तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

त्यानंतर तीन नियम पाळले. पहिला, नाव कधीही रिकामं सोडायचं नाही. दुसरा, जोड झाल्यावर क्यू मॅनेजरला त्याचं नाव विचारायचं आणि ते जुळलं तरच निरोप ठेवायचा. तशी सोय त्यात आहे. तिसरा, चाचणीच्या आणि खऱ्या कामाच्या ओळखी वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे चुकीच्या दारावर सुरक्षाव्यवस्थाच अडवते. माणूस दमतो, कुलूप दमत नाही.

आपली जी मुलं आज पुण्यात, नवी मुंबईत या क्षेत्रात आहेत, त्यांना आणखी एक सांगतो. अनेक क्यू मॅनेजरांचा गट असला तर गटाचं नाव देऊनही जोडता येतं, त्या यंत्रावर जो चालू असेल तो भेटतो. सोय उत्तम, कारण एक बंद पडला तरी काम थांबत नाही. पण उत्तर एखाद्याच्या खाजगी रांगेत येणार असेल, तर त्याच्याकडेच जावं लागतं. सामायिक काय आणि खाजगी काय, हे आधी ठरवा.

आणि हे फक्त संगणकवाल्यांसाठी नाही. आपल्यातले कितीतरी जण धुळे, नंदुरबार, जळगावकडे घरी पैसे पाठवतात. पूर्वी मनीऑर्डर होती, 2005 पासून एनईएफटी आहे आणि डिसेंबर 2019 पासून ती चोवीस तास चालते. त्यात पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, नावावर नाही. क्रमांक चुकला आणि तो दुसऱ्या कुणाचा निघाला, तर यंत्र ओरडणार नाही, "यशस्वी" असंच दाखवेल. म्हणून नवीन खातं असेल तर आधी थोडी रक्कम पाठवा, आईला किंवा भावाला फोन करून विचारा, मग बाकीची पाठवा.

बाप्पाने महाभारत लिहून घेताना व्यासांची अट मान्य केली होती, की अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही. निरोप पोचवणाऱ्या प्रत्येकाने ती अट पाळावी, एवढंच मागणं आज त्याच्याकडे मागतो.

बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. आता आरतीची वेळ झाली आहे.

मंगलमूर्ती मोरया!