जुनी गाडी, नवा स्वार



कवीने मोटारसायकलवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत मोटारसायकल ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. दुधाचे कॅन, युरियाची गोणी, दवाखान्यात न्यायची म्हातारी आई, रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळीला निघालेला मुलगा, असे सगळे दोन चाकांवरूनच जाते. शिरूरहून न्हावरे, पारगाव, केडगाव करत चौफुल्याला पोहोचणाऱ्या रस्त्याच्या कडेला तासभर थांबलात, तर या भागाचा सगळा प्रपंच तुमच्या डोळ्यांसमोरून जाईल.

आणि यातल्या कितीतरी जणांची पहिली गाडी ही जुनी, म्हणजे कुणीतरी आधी वापरलेली असते. नवी घेण्याची ऐपत नसते, किंवा 'आधी जुनीवर हात बसू दे, मग नवी बघू' असा घरच्यांचा निर्णय असतो. निर्णय शहाणपणाचा आहे. अडचण एवढीच की, ज्याला गाडीतले सर्वांत कमी कळते, त्याच्यावरच सर्वांत अवघड खरेदी येऊन पडते. नवी गाडी सगळ्यांना सारखीच मिळते. जुनी मात्र प्रत्येक वेगळी असते, कारण प्रत्येकीचा मालक वेगळा होता.

माझी बहीण दौंडला राहते. तिच्या मुलाला गेल्या वर्षी अशी पहिली गाडी घ्यायची होती. मी बी. ए. मराठी घेऊन झालेला माणूस, इंजिनाचे माझे शिक्षण गॅरेजच्या बाकड्यावर चहा पीत झालेले. तरीही भाच्याने मलाच गाठले. म्हणाला, "मामू, दोनशे सीसीची एक गाडी मिळतेय. पिकअप असा आहे की विचारू नका."

मी म्हटले, "पिकअप राहू दे. ती गाडी उभी असताना तुला एका बाजूने ढकलून वळवता येते का, ते सांग."

तो हसला. पण माझा प्रश्न थट्टेचा नव्हता. जगात 'ट्रायल्स' नावाचा मोटारसायकलचा एक खेळ आहे. शर्यत नव्हे. खडक, ओढे, ओंडके, उभे चढ यांतून ठरवून दिलेल्या वाटेने गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. पाय एकदा टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी अडली, पडली किंवा हद्दीबाहेर गेली तर पाच. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो जिंकला. स्पेनचा टोनी बोऊ हा या खेळाचा अजिंक्य गडी. २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी जगज्जेतेपद त्याच्याकडेच राहिले.

या खेळाच्या गाड्या पाहण्यासारख्या असतात. वजन जेमतेम सत्तर किलोच्या आसपास. बसायला सीट जवळजवळ नाहीच, कारण स्वार सगळा वेळ फुटरेस्टवर उभा. टाकी दोन-तीन लिटरची. गिअर असे की, माणूस चालतो त्या गतीने गाडी न थांबता, न धडपडता चालावी. टायरमध्ये हवा इतकी कमी की, ते दगडाला चिकटून बसावे. या गाड्या आपल्याकडे बाजारात नाहीत. पण तिकडे जुनी ट्रायल्स गाडी घेणाऱ्या नवशिक्याला जाणकार जे सांगतात, ते आपल्या उपयोगाचे आहे. ते म्हणतात, तीनशे सीसीच्या मोहात पडू नका, लहान आणि मवाळ इंजिनाची घ्या. आधीच्या मालकाने ती कशी राखली ते बघा. मॉडेलचे वर्ष त्यानंतर.

आता आपल्या वाटा आठवा. चासकमानच्या कालव्याचा भराव, घोडकाठची चिखलवाट, दौंडकडे मुठा उजव्या कालव्याच्या कडेने जाणारी पायवाट. पाऊस पडून गेल्यावर काळी माती चाकाला अशी लपेटते की, मडगार्डमध्ये चाक अडकून गाडी जागीच थांबते. त्यातून पाठीमागे चाळीस लिटरचा दुधाचा कॅन बांधून, पाय न टेकता पहाटे डेअरी गाठणारा आमचा गवळी ट्रायल्सच खेळत असतो. त्याला कुणी गुण देत नाही, एवढाच फरक. या लोकांनी पूर्वी राजदूत पसंत केली, बजाजची एम-८० पसंत केली. दिसण्यात दोन्ही बेताच्याच. पण ओझे वाहायच्या, आणि गावातला कुणीही मेस्त्री पान्याने उघडू शकेल अशा.

गझल लिहिणारे आम्ही लोक 'वजन' हा शब्द फार वापरतो. ओळीचे वजन चुकले की, शब्द कितीही देखणे असोत, ओळ पडते. गाडीचेही तसेच आहे. शंभर-सव्वाशे सीसीची, एकशे दहा-वीस किलोच्या घरातली साधी गाडी चिखलात आडवी झाली तर नवशिका एकटा उचलू शकतो. पावणेदोनशे किलोची आडवी झाली तर रस्त्याने जाणाऱ्याची वाट बघत बसावे लागते. रात्रपाळीहून येताना, पावसात, असे बसणे बरे नव्हे.

म्हणून पहिली कसोटी वजनाची. दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकतात का, आणि गाडी उचलून उभी करता येते का? दुसरी कसोटी, तिचे सुटे भाग शिरूरच्या किंवा दौंडच्या दुकानात मिळतात का? इंजिन कितीचे, हा प्रश्न तिसरा.

आता प्रत्यक्ष पाहणी. गाडी बघायला सकाळी जावे, आणि 'मी येईपर्यंत चालू करू नका' असे आधी सांगावे. गेल्यावर इंजिनाला हात लावावा. ते गरम असेल तर काहीतरी झाकायचे आहे, असे समजावे. अवघड किक मारून इंजिन आधीच तापवून ठेवणे, ही विकणाऱ्याची जुनी युक्ती आहे. थंड गाडी दोन-तीन किकमध्ये चालू व्हायला हवी. मग सायलेन्सरकडे बघावे. सकाळच्या गारव्यात सुरुवातीला थोडी पांढरी वाफ आली तर काळजी नको. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळते आहे, म्हणजे पिस्टन-रिंगचे काम जवळ आले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, ते कार्बोरेटरच्या दुरुस्तीने बहुधा भागते.

पुढे गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवावे. मध्येच खळगा लागल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचा ओघळ आहे का पाहावे. मागच्या सॉकेटचे दात करवतीसारखे टोकदार झाले असतील तर चेन, सॉकेट सगळेच बदलावे लागेल. मग दहा पावले मागे जाऊन, गाडीच्या बरोबर पाठीमागे खाली बसून बघावे. दोन्ही चाके एका रेषेत दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर गाडी कुठेतरी जोरात आपटलेली आहे. हँडलखालच्या मानेपाशी नव्या रंगाचा पट्टा किंवा वेल्डिंगची गाठ दिसली, तर भाव कितीही उतरवला तरी नमस्कार करून परत फिरावे. मान तुटलेली गाडी जोडता येते. तिच्यावर विश्वास मात्र ठेवता येत नाही.

आणखी एक नवी गोष्ट. आपल्या भागातल्या उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये येते. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के मिश्रण झाले. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांतल्या रबरी नळ्या आणि वायसर लवकर खराब होऊ शकतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीत गंज धरतो. म्हणून टाकीचे झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड पाडावा. २०२० च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले. मिश्रण त्यांना तुलनेने मानवते, पण त्यांचे काम गावच्या प्रत्येक मेस्त्रीला येत नाही. दोन्हीकडे फायदा आणि तोटा आहे. आपल्या गावात मेस्त्री कोणता, हे बघून ठरवावे.

भाच्याची दोनशे सीसीची गाडी अशा पाहणीत मागे पडली. दुसरी मिळाली. शंभर सीसीची, साधी, थंड असताना दुसऱ्या किकला चालू झालेली. भाचा खूश. विकणारा म्हणाला, "टीटी फॉर्म सही केलेला आहे. नाव तुमच्या सवडीने चढवा." मी आरसी पाहिले. नाव त्याचे नव्हतेच. न्हावऱ्याकडच्या एका शेतकऱ्याचे होते. मधल्या दोघांनी गाडी घेतली, वापरली, विकली. नावावर कुणीच केली नव्हती.

आम्ही त्या शेतकऱ्याकडे गेलो. उसाला पाणी देत होते. म्हणाले, "ती गाडी? आवो, कवाच इकली. पाच वर्सं झाली."

मी म्हटले, "दादा, तुम्ही विकलीत, पण सरकारदरबारी ती अजून तुमचीच आहे."

त्यांना ते पटेना. तेव्हा मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल सांगितला. एका मोटारीचा २००९ साली अपघात झाला होता. ती त्याआधी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकत गेलेली, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिलेली. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार हा तो खटला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तोच, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून टाकली होती, हे सांगून सुटका नाही.

शेतकरीदादा बराच वेळ बोलले नाहीत. मग हातातले खोरे बांधावर ठेवून म्हणाले, "म्हंजे कुणी दारू पिऊन कुणाला उडवलं असतं, तर माझं शेत गेलं असतं की वो." दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन ते स्वतः आमच्याबरोबर आले, आणि आमच्यासमोर नव्या फॉर्मवर सही केली.

श्रोतेहो, एवढ्यासाठीच हा विषय मी निवडला. इंजिन बिघडले तर काही हजारांत दुरुस्त होते. न केलेली नोंद एखाद्या घराची जमीन खाऊ शकते. कायदा सरळ आहे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नाव बदलून घ्यायचे. फॉर्म क्रमांक २९ आणि ३०. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तपुरवठा करणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. आमच्या रस्त्यांवर पुण्याच्या १२, पिंपरी-चिंचवडच्या १४, अहिल्यानगरच्या १६, बारामतीच्या ४२ अशा सगळ्या पासिंगच्या गाड्या फिरतात. त्यामुळे गाडी कोणत्या कार्यालयाची, हे आधीच पाहून ठेवावे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी आपल्या डोळ्यांनी ताडून बघावा. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली असतील तर पुनर्नोंदणीचा खर्च भावातून वजा करावा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. दहावीतल्या मुलाला 'शेतापर्यंतच जा' म्हणून किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. त्याहून मोठी शिक्षा कायद्याबाहेरची असते, आणि ती आमच्या दोन्ही तालुक्यांतली अनेक घरे भोगत आहेत. गळीत हंगामात, लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी असते. ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून माझा एक साधा हिशोब आहे. जुन्या गाडीसाठी जेवढे पैसे जमवले असतील, त्यांचे पाच भाग करावेत. चार भागांत गाडी बघावी. पाचव्या भागात दोन टायर, चेनसेट, ब्रेकचे लायनर, पुढच्या दिव्याचा चांगला बल्ब आणि नाव चढवण्याचा खर्च बसवावा. आणि त्या पाचव्या भागातली पहिली खरेदी हेल्मेटची असावी. गाडी जुनी चालेल. हेल्मेट मात्र कुणाचे वापरलेले घेऊ नका, कारण त्याने आधी एक आपटणे सोसले असेल, तर ते वरून दिसत नाही.

एवढे करून गाडी दारात आली की, पहिले आठ दिवस तिला शाळेच्या मोकळ्या मैदानावर न्या आणि माणूस चालतो त्या गतीने आठचा आकडा काढायला शिका. पाय न टेकता. ते जमले की मग हायवे.