मुभा आणि मालकी



नाझी छळातून वाचण्यासाठी १९३९ साली पाच वर्षांची एक मुलगी निर्वासित म्हणून इंग्लंडला आली. ती म्हणजे २०२५ मध्ये निवर्तलेल्या संगणकतज्ज्ञ स्टेफनी शर्ली. नोकरीत स्त्री म्हणून वाट अडली, तेव्हा १९६२ मध्ये सहा पौंडांच्या भांडवलावर त्यांनी प्रोग्रॅम लिहून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय काढला. पत्रांखाली ‘स्टीव्ह’ ही पुरुषी सही केली, तेव्हा कुठे गिऱ्हाइके दाद देऊ लागली.

मुलाबाळांमुळे नोकरी सुटलेल्या स्त्रियांना त्यांनी घरबसल्या, सोयीच्या वेळी काम दिले. परंतु मुभा देऊन त्या थांबल्या नाहीत. नफ्यात वाटा आणि पुढे कंपनीची एक चतुर्थांश मालकी त्यांनी कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवली.

आज घरून काम करण्याचा गाजावाजा पुष्कळ होतो. मालकीचा विषय मात्र निघत नाही. वाट्याविना दिलेली मुभा मालक केव्हाही काढून घेऊ शकतो. श्रमिकांच्या मागणीपत्रात मुभेच्या शेजारी मालकीही लिहिली गेली पाहिजे.