वशिला नको, ओळख हवी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कामाचा भाग म्हणून नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचं थोडंफार ठाऊक आहे. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात काय करावं, एवढ्यापुरतंच आज बोलतो.

निकाल लागून सहा महिने झाले आणि नोकरी नसली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आपला कुठं वशिला आहे?’ त्याच्या पाठोपाठ, जरा हळू आवाजात, दुसरं वाक्य येतं, ‘आपलं नाव वाचूनच अर्ज बाजूला टाकतात.’ या दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करू. ते टाळून तुमच्याशी नोकरीबद्दल बोलणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी ठेवली. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. 2022 मध्ये लेडबाय फाउंडेशननं हबीबा अली आणि प्रियंका शर्मा या दोन काल्पनिक मुलींच्या नावानं, सारख्याच शिक्षणाचे अर्ज प्रत्येकी 1,000 जागांसाठी पाठवले. प्रियंकाला 208 ठिकाणांहून प्रतिसाद आला, हबीबाला 103.

तेव्हा हा आपल्या मनाचा खेळ नाही. राज्यघटनेचं 16 वं कलम सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण खासगी कंपनीला ते लागू होत नाही. सच्चर समितीनं 2006 च्या अहवालात समान संधी आयोगाची शिफारस केली होती. ती मागणी आपण नागरिक म्हणून लावून धरलीच पाहिजे. पण आयोग येईपर्यंत घरभाडं थांबत नाही, आणि लहान बहिणीची फीसुद्धा.

म्हणून तो हबीबाचा अर्ज पुन्हा एकदा बघा. कंपनीला तिच्याबद्दल काय माहीत होतं? एक नाव आणि एक कागद. माणसाबद्दल दुसरं काहीच माहीत नसतं तिथं नाव फार मोठ्यानं बोलतं. संकेतस्थळावर अर्ज टाकून वाट बघत बसणं म्हणजे स्वतःला नेमकं त्याच जागी उभं करणं. अर्ज करूच नका असं मी म्हणत नाही. पण दिवसाचे आठही तास त्यातच घालवू नका. उरलेला वेळ ओळख करण्यात घाला.

ओळख आणि वशिला यांत आपण गल्लत करतो. काम येत नसताना आत ढकलून देतो तो वशिला. ‘या मुलीचं काम मी पाहिलंय, एकदा बोलून बघा’ असं कुणी म्हणालं, तर ती ओळख. वशिल्यानं दुसऱ्याचा हक्क मारला जातो. ओळखीनं तुम्हाला फक्त मुलाखतीची खुर्ची मिळते, पुढचं तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

ही ओळख कुठून येते? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1970 च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, ‘ज्यानं तुम्हाला या नोकरीबद्दल सांगितलं, तो तुम्हाला किती वेळा भेटायचा?’ नेहमी भेटणारा, असं सांगणारे जेमतेम 17 टक्के होते. सुमारे 56 टक्के म्हणाले, अधूनमधून. 28 टक्के म्हणाले, क्वचितच. कारण सोपं आहे. जवळच्या माणसांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी बातमी लांबचा माणूस आणतो.

आता आपली घरं बघा. मामांचं गॅरेज, चुलतभावाचं मोबाइलचं दुकान, अब्बा एसटीत. ही माणसं आपल्यासाठी जीव टाकतील, पण पुण्यात हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत टेस्टिंगची जागा निघालीय हे त्यांच्या कानावर येणार कसं? घरातला पहिला पदवीधर असणं म्हणजे हुशारीत मागे असणं नव्हे. त्याच्याकडे लांबची माणसं नसतात, एवढंच. आणि ती जोडता येतात.

पहिलं काम, दाखवता येईल असं काहीतरी पूर्ण करा. दहा कोर्सची प्रमाणपत्रं मी मुलाखतीत फारशी बघत नाही. पण एखाद्यानं मामाच्या गॅरेजसाठी सुट्या भागांचा हिशेब ठेवणारं छोटं अ‍ॅप लिहिलं असेल, ते गिटहबवर टाकलं असेल आणि मामा ते खरोखर वापरत असतील, तर त्यावर मी अर्धा तास बोलू शकतो. ते कुठं बिघडलं, मामांनी काय बदलायला लावलं, हे विचारण्यासारखं असतं. कॉमर्सवाल्यांनी एखाद्या सीएकडे जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं काम शिकावं. तेही तितकंच दाखवण्याजोगं आहे.

दुसरं, तीस नावांची यादी करा. दोन-तीन वर्षं पुढं असलेले कॉलेजचे विद्यार्थी, प्रोजेक्ट तपासलेले शिक्षक, शिबिरात भेटलेली माणसं. त्यांना ‘सर, जॉब असेल तर सांगा’ असं लिहू नका. त्याला उत्तर देता येत नाही. असं लिहा, ‘मी तुमच्याच कॉलेजची, यंदाच्या बॅचची. हे अ‍ॅप केलं आहे, लिंक देते. टेस्टिंगमध्ये काम शोधते आहे. तुमच्या टीममध्ये नव्या मुलीकडून सुरुवातीला काय अपेक्षा असते? पंधरा मिनिटं फोनवर बोलाल का?’ तिसातले वीस उत्तर देणार नाहीत. चालतं. उरलेले दहा तुमची लांबची माणसं.

तिसरं, अप्रेंटिसशिपला कमी लेखू नका. एनएटीएस या केंद्र सरकारच्या पोर्टलवर पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांना नोंदणी करता येते. विद्यावेतन कमी असतं, मान्य आहे. पण नोंदलेला करार असतो, शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं, आणि वर्षभर तुमचं काम बघणारी माणसं मिळतात.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. अनुभवाचं खोटं पत्र विकत घेऊ नका. ‘दोन वर्षांचा अनुभव दाखवतो, इतके पैसे द्या’ म्हणणारे तुम्हाला भेटतील. कंपन्या नेमणुकीच्या वेळी पीएफचा यूएएन क्रमांक मागतात. कुठल्या कंपनीनं कुठल्या महिन्यापासून पैसे भरले, ते त्यात दिसतं. रुजू झाल्यानंतर चौथ्या महिन्यात पकडलं गेलात तर नोकरी जाते, आणि ते चार महिनेही पुढं कुणाला सांगता येत नाहीत. तसंच नोकरीसाठी अनामत रक्कम मागणाऱ्याला एक पैसा देऊ नका आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात ठेवू नका.

इथं बसलेल्या पालकांना एक विनंती. मुलगा संध्याकाळी टपरीवर चहा पीत उभा राहतो तेव्हासुद्धा त्याच्या ओळखी वाढत असतात. मुलगी कॉलेजातून थेट घरी येते. मग दोघांच्या गुणपत्रिका सारख्या असूनही तिच्या यादीत तीस नावं भरत नाहीत. हबीबाचे 103 आठवा. बाहेरचा अडथळा आहेच, त्यात घरातला तरी घालू नका. तिला कार्यशाळेला जाऊ द्या, इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात राहू द्या.

शेवटी, ज्यांना नोकरी लागली आहे त्यांच्यासाठी. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यानं सुचवलेला उमेदवार घेतला तर त्या कर्मचाऱ्यालाच बक्षीस देतात. म्हणजे सुचवणं हा कंपनीचाच रिवाज आहे, त्यात चोरटेपणा काही नाही. फक्त ज्याचं काम पाहिलंय त्यालाच सुचवा, नाहीतर तो पुन्हा वशिला होईल. आणि काम पाहायला वेळ काढा. महिन्यातून दोन तास, दोन मुलं, एवढं पुरे.

आज या सभागृहात बँकेतले आहेत, शिक्षक आहेत, नर्सिंगच्या मुली आहेत, इंजिनिअर आहेत. आपण नेहमीप्रमाणे आपापल्या मित्रांना धरून बसलो आहोत. चहा होईपर्यंत प्रत्येकानं अनोळखी अशा दोघांचे नंबर घ्यावेत आणि आपण काय केलं आहे ते त्यांना सांगावं. यादीतली पहिली दोन नावं इथंच लिहून होतील.